सुमितच्या नावावरचे सांधे

“मला कसलाच आजार न्हाय, बाई. पण कागद म्हणतो, हाय.”

खुर्चीत टेकायच्या आधीच पोरगं बोलून गेलं. सावळारामनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

साल शहाण्णव. राजेश्वरीबाई आधी विमा कंपनीत दावे तपासायच्या. नोकरी सोडल्यावर त्यांनी बारामतीत, एस.टी. स्टँडमागं, खासगी तपासाची पाटी लावली. सोबतीला निवृत्त हवालदार सावळाराम. माणूस इमानी, पण डोकं बैलगाडीच्या चालीचं. हे तो स्वतःच सांगायचा.

पोराचं नाव सुमित. निमगाव केतकीचा. दोन वर्षं पुण्यात वसतिगृहात राहून फिटरचं काम शिकला होता. साखर कारखान्यात निवड झाली आणि वैद्यकीय तपासणीत गाडी अडली. तपासणीच्या दवाखान्यात त्याचा जुना केसपेपर निघाला. त्यावर आजाराचा आकडा होता ७१४. म्हणजे सांध्यांची जुनाट, दाहाची सूज.

“डॉक्टर म्हणाले, आज सूज दिसत न्हाय, पण हा रोग दडून बसतो. कागद सोडून दाखला देता येत न्हाय. सोमवारी हजर झालो न्हाय तर जागा यादीतल्या पुढच्याला.”

“पुढचा कोण?”

“रविराज. आमच्याच गावचा.”

सावळारामनं मांडीवर थाप मारली. “सापडला की चोर.”

“अजून चोरी कुठं झालीय ते कळलेलं नाही,” राजेश्वरीबाई म्हणाल्या. “घरी काय म्हणतात?”

“घरी बोललो न्हाय. आई धसका घेईल.”

बारामतीतल्या त्या दवाखान्याच्या नोंदखोलीत करुणा बसायची. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला पुस्तकातला आकडा लावायचा, हे तिचं काम. ती सुमितच्या भावकीतली, म्हणून सावळारामनं पहिलं बोट तिच्यावरच रोखलं.

“भावकीतली असून त्याचंच वाटोळं करीन होय?” ती फणकारली. “पहिली नोंद बघा. तापानंतर उजव्या गुडघ्याला सूज. त्याला मी वेगळा आकडा लावला होता. पुढंही आमच्याच निमगावच्या बाजारातल्या आठवडी दवाखान्यातून नोंदी येत गेल्या. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी हात आखडतात. शेवटी डॉक्टरांनी जुनाट संधिदाह लिहिलं. मग ७१४ लावला. त्यांच्या निदानात मी ढवळाढवळ करत नाही.”

राजेश्वरीबाईंनी कागद उजेडात धरला. खाडाखोड नव्हती. पहिल्या नोंदीत वजन, नाडी, ताप सगळं होतं. पुढच्या एकाही नोंदीत नव्हतं.

“गुडघ्यातनं बोटात गेलं,” सावळाराम म्हणाला. “वात फिरतोच की, बाई.”

बाजारादिवशी दोघं सकाळच्या एस.टी.नं निमगावात उतरले. पत्त्याची पडताळणी करायची आहे, असं सांगून सुमितच्या घरी गेले. त्याचे वडील कचरूआबा ओट्यावर बसले होते. आई ताईबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा सावळारामपुढं केला.

“भाऊ, एवढं झाकण काढा की. लई घट्ट बसलंय.”

सावळारामनं बाह्या सारल्या. झाकण दोन बोटांत निघालं. तो मिशीतल्या मिशीत हसला. ताईबाईंनी चहाचे पेले दोन्ही तळव्यांत धरून आणले.

“जेवून जावा,” कचरूआबा म्हणाले. “पण भातच मिळंल. हितं सकाळी भात, भाकरी सांजच्याला. आमचं घर कोकणात गेलंय जणू.”

“जळलं तुमचं बोलणं. सकाळचा चुलीचा धूर सोसत न्हाय मला,” ताईबाई म्हणाल्या.

रविराज बाजारात केळी विकत होता.

“फायदा माझाच हाय, कबूल,” तो म्हणाला. “पण भरतीच्या दौडीत त्यो माझ्या लई पुढं व्हता. सांधे धरलेल्या माणसानं मला हरवलं म्हणलं, तर इज्जत कुणाची जाती?”

आठवडी दवाखान्यापुढं रांग वळसा घालून गेली होती. औषधं देणारे अप्पा मान वर न करता बोलले. “घरातलं एक माणूस येतं, सगळ्यांचे पेपर आणतं. रान सोडून कोण येतंय? समोरचा सांगंल ते डॉक्टर लिहितात, गोळ्या मी देतो.”

“सुमित कधी आला होता?”

“ताप आला तवा. मग न्हाय.”

“मग त्याच्या गोळ्या कोण नेतं?”

“बाई, गर्दीत पदराआडची तोंडं ओळखत बसू का?”

राजेश्वरीबाई सरळ सुमितच्या घराकडं वळल्या. सुमितसकट सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि अडलेल्या दाखल्याची गोष्ट सांगितली. ताईबाईंचा चेहरा पडला.

“चोर कोण मग?” सावळारामनं विचारलं.

“कुणीच नाही. नोंद खरी, आजारही खरा. नाव तेवढं दुसऱ्याचं. गुडघ्याची सूज सुमितची. बोटांची नव्हे. तेव्हा तो पुण्यात होता आणि वजन, नाडी बघायला रोगी समोर नव्हताच. त्याच्या पेपरवर घरातलं दुसरं कुणी गोळ्या नेत होतं. पदर घेणारं, सकाळी हात आखडणारं. ताईबाई, भातालाही चूल लागते, धूर तोच. पण भाकरी थापायला बोटं लागतात. ती सांजेपर्यंत मोकळी होतात. आणि डब्याचं झाकण सैल होतं.”

सावळारामची मिशी उतरली. “तरी म्हणलं, ह्या वयात एवढं बळ कुठनं आलं.”

“खरं हाय का गं?” कचरूआबांनी हळूच विचारलं.

“नवा पेपर काढला असता तर खिडकीतनं माझं नाव पुकारलं असतं,” ताईबाई म्हणाल्या. “करुणेनं विहारात सांगितलं असतं, आन् हे पोरगं शिक्षण टाकून चुलीपुढं येऊन बसलं असतं. ह्याचा पेपर घरात पडलाच व्हता. गावात समदी एकमेकांचे पेपर नेऊन औषध आणत्यात. मीबी आणलं.”

“मला सांगायचं तरी, आई.”

“तू कारखान्याचं सांगितलंस व्हय मला?”

सुमित मग म्हणाला, “मी कामाला जात न्हाय.”

“बघा,” ताईबाई राजेश्वरीबाईंकडं वळल्या. “ह्याच्यासाठीच लपवलं व्हतं.”

“आता लपवून भागणार नाही. तुम्ही डॉक्टरांपुढं हात ठेवून हे माझं आहे म्हणेपर्यंत तो आकडा पोराच्या नावावरच राहणार.”

ताईबाईंनी पदर खोचला. “मग चला.”

बारामतीत डॉक्टरांनी एकेक बोट दाबून पाहिलं. सुमितच्या पेपरावरच्या बोटांच्या नोंदी सहीनिशी रद्द केल्या आणि त्याचा दाखला त्याच्या हातात दिला. करुणेनं ताईबाईंच्या नावाचा कोरा केसपेपर पुढं ओढला.

“काकू, कधीपासून दुखतंय?”

“दोन वर्षं झाली असतील,” सुमित म्हणाला.

“तसं लिहू नगं, करुणा,” ताईबाई म्हणाल्या. त्यांनी पोराकडं पाहिलं नाही. “ह्याची दहावी व्हती. पहाटं उठून ह्याचा डबा करायची मी. तवापासून.”