दोन रेघांमधली बाई

भुताखेतांवर विश्वास नसेल, तर नका ठेवू. पण हे आमच्या गल्लीतल्या वाल्मीकदादाच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

२००२ चा मे महिना. गंगापूर रोड. भर दुपार.

वाल्मीकची आई कुसाबाई इथेच गेली. डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती, ट्रकने उडवलं. वर्ष झालं तरी स्पीडब्रेकर नाही!

"आधी वेग मोजू," रस्त्याचे साहेब म्हणे. मेलेली माणसं मोजता येत नाहीत यांना!

आणि मोजायला कोण? वाल्मीकच. सर्व्हेवाल्यांकडे रोजंदारीवर होता तो.

काम सोपं. रस्त्यावर खडूच्या दोन रेघा. पहिल्या रेघेवर गाडी आली की जोडीदार बुधाने झेंडा पाडायचा, वाल्मीकने स्टॉपवॉच दाबायचं. दुसऱ्या रेघेवर बंद. सरासरी वेग जास्त निघाला, तरच स्पीडब्रेकर.

गाड्या सुसाट यायच्या...

आणि दोन रेघांच्या मधे कचकन ब्रेक!

प्रत्येक गाडी. त्याच जागी. रस्ता तर मोकळा.

झेंड्याला घाबरत असतील, म्हणून बुधा लिंबाच्या झाडाआड उभा राहिला.

तरी तेच...

वाल्मीकचं डोकं सणकलं. त्याने एक टेम्पो अडवला. "ए, कशाला ब्रेक मारतोस रे?"

ड्रायव्हरच खेकसला, "डोळे फुटले का तुझे? ती म्हातारी आडवी आली ना... पाटीवाली!"

वाल्मीकने वळून पाहिलं.

कोणी नव्हतं. नुसता झेंडूचा वास...

दुसरा असता तर पळत सुटला असता. हा भडकला.

"आये, हो बाजूला! तुझ्यासाठीच भांडतोय ना मी? तूच घोळ घालतीस!"

वास गेला.

पुढची जीप आली... ब्रेक नाही. मागची कार... ब्रेक नाही. वाल्मीकला वाटलं, जमलं.

तेवढ्यात बुधा पाणी आणायला रस्त्यात उतरला.

मागून डंपर...

"आये!" वाल्मीक ओरडला.

कर्रर्र...

डंपर बुधापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर शिव्या घालत होता.

बुधाला नाही. त्या म्हातारीला.

त्यानंतर वाल्मीकने आईला बाजूला हो म्हटलं नाही. सरासरी कमीच निघाली. साहेब म्हणाले, "इथे गाड्या आपोआप हळू होतात. स्पीडब्रेकरची गरज नाही."

आपोआप! लाज कशी वाटत नाही मेल्यांना?

आजही तिथे झेंडूचा वास आला की माझा पाय ब्रेकवर जातो. अंगावर काटा येतो. पण भीतीपेक्षा राग जास्त येतो हो.

मेल्यावर तरी त्या माउलीला डोक्यावरची पाटी खाली ठेवू द्यायची की नाही?