साखर हाय का?

बुधवारी सकाळी सरूबाई मांजराला भाजीच्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात निघाली, तेव्हा शेअर रिक्षातली माणसं हसली. हसू द्या. हसतील त्यांचे दात दिसतील. पिशवीच्या तोंडातून मांजराचं पांढरं डोकं बाहेर लोंबत होतं, आणि मुकुंदवाडीपासून दवाखान्यापर्यंत ते तीनदा ओकलं. तिसऱ्यांदा नुसता पिवळा फेस आला. रिक्षावाला काहीतरी बोलणार होता, पण सरूबाईचा चेहरा बघून गप्प बसला. बाईनं आपल्या पदरानं त्याची सीट पुसून दिली होती.

मांजर तिचं नव्हतं, नातीचं होतं. श्रेया सोमवारी आईबरोबर, म्हणजे मोनिकाबरोबर, पैठणला मामाकडं सुट्टीला गेली. जाताना दारातून चारदा परत आली. "आजी, साखरला दूध देशील ना? आजी, साखर तुझ्याजवळ झोपंल ना?" मांजराचं नाव साखर. पोरीनंच ठेवलेलं. सरूबाईला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं. असलं गोड नाव ठेवू नये, गोड दिसलं की नेणाराला मोह होतो, असं तिचं म्हणणं. पण हल्ली म्हाताऱ्या माणसाचं ऐकतंय कोण?

डॉक्टरीणबाई पोरगेलीच होती, पण हात हलका. तिनं मांजराच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी खाली बसली नाही. तंबूसारखी तशीच उभी राहिली.

"अंगातलं पाणी गेलंय, आजी. काय खाल्लं होतं?"

"पाल धरली व्हती मंगळवारी. वरून दूध पेली."

"दूध एकदम बंद. आज काही खायला द्यायचं नाही. उद्यापासून दर तासाला पाणी, चमचा-चमचा, घाई करायची नाही. ते पोटात राहिलं तर चिकन उकडून त्याचं नुसतं पाणी. मीठ नाही, मिरची नाही." तिनं सुई टोचली, कातडीखाली सलाइन भरलं आणि औषध पाजायला बिनसुईची सिरिंज दिली. शेवटी म्हणाली, "पोटात पाणी ठरलं तर वाचेल."

पोटात पाणी ठरलं तर. मांजराला घेऊन सरूबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली. हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. सासरच्या गावी, पिशोरला, चाळीस वर्षांपूर्वी, कंपाउंडरच्या तोंडून. तिची थोरली गोदी सव्वा वर्षाची होती, उन्हाळाच होता, आणि असाच चमचा-चमचा चालला होता. गोदी गेली. तिच्यामागं दोन झाले, तेही ओकऱ्यांनीच गेले, महिन्याच्या आत. चौथ्या खेपेला पोरगा झाला तेव्हा सासूनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलला आणि ओंजळभर ज्वारी घेऊन परत दिला. टाकलेलं पोर, वर नाव कडूबा. कडू जिनसाला कोण तोंड लावतं? पोरगा जगला. आता वाळूजला कंपनीत आहे, तिथं त्याला सुदर्शन म्हणतात. घरात कडूबाच.

पण तो सासूच्या अकलेनं जगला, आपल्या हातानं नव्हे, हे सरूबाईच्या मनातून कधी गेलं नाही. माझ्या हातनं ओकणारं लेकरू वाचत नाय, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मांजराला छातीशी धरून ती त्याच्या कानात म्हणाली, "बाई, तू तरी वाच. एवढ्या येळंला मला यश दे."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. तासाला चमचा. चमचा गेला की दहाव्या मिनिटाला पोट आत-बाहेर व्हायचं, मान पुढं, आणि सगळं फरशीवर. पुसायचं, फडकं धुवायचं, पुन्हा चमचा. धुवायलाही जपून, नळ यायला अजून चार दिवस होते. रात्री कडूबा म्हणायचा, "आई, झोप जरा. मी बघतो." आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचा. बिचाऱ्याला पहाटे कंपनीची बस गाठायची असायची. सरूबाईचे डोळे जळत होते. बसल्या जागी डोकं पुढं पडायचं आणि मांजराच्या उबळीनं पुन्हा वर यायचं. पाय सुजले होते. संध्याकाळी फोन यायचा, "आजी, साखर जेवली का?" आणि म्हातारी ठणठणीत आवाजात खोटं बोलायची. "जेवली की! लई उड्या मारती."

शनिवारी भर दुपारी वीज गेली. कूलर थांबला आणि घर एकदम मुकं झालं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पत्रे तापून मधूनच कडकड करत होते. सरूबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मांजर, हातात चमचा. डोळा लागला की नाही, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"माय… साखर हाय का?"

जाळीच्या दाराबाहेर कुणी बाई उभी होती. मागून ऊन एवढं की तोंड दिसत नव्हतं, नुसता काळा आकार. वय असेल चाळिशीचं. आवाज थकलेला, लांबून चालत आल्यासारखा. आणि वास आला. आंबलेल्या दुधाचा, तान्ह्या लेकरानं खांद्यावर गुळणी टाकली की येतो तो.

आता बघा, शेजारीण वाटी घेऊन आली तर साखर संपली, नाही, असं दारात म्हणू नये. सरूबाईच्या जिभेला हे वळण सासूनं लावलेलं. डबा रिकामा असला तरी ती 'वाढलीय' म्हणायची, 'नाही' कधीच नाही. आणि शनिवारी तर डबा भरलेला होता. झोपेतल्या जिभेनं सवयीचं उत्तर दिलं.

"हाय की. घेऊन जा ना, माय."

असं म्हणून ती उठली, मांजराला चादरीवर ठेवलं, आत गेली, डब्यातून वाटीभर साखर काढली. बाहेर येते तो दारात कुणी नाही. जाळीची कडी आतून लावलेली. तिनं दार उघडून गल्ली बघितली. पांढरं ऊन, बस्स. शेजारच्या ओट्यावर जमिला शिलाई मशीनवर वाकलेली होती.

"जमिला, आत्ता कोण आलतं गं माझ्याकडं?"

"कोई नहीं, खाला. मी सकाळपासून इथंच बसलेय. लाइट गयी, तरी पायानं चालवतेय बघा."

"साखर मागत व्हती की…"

हे बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. काय मागितलं आणि आपण काय बोललो. हाय की, घेऊन जा. हातातली वाटी तिरपी झाली, साखर पायांवर सांडली.

ती आत धावली. मांजर चादरीवर आडवं पडलं होतं, तोंड उघडं, डोळ्यांवर ते आतलं पांढरं कातडं चढलेलं. पोट हलत होतं, पण एवढं हळू की हात ठेवून बघावं लागलं. सगळी खोली आंबलेल्या दुधानं भरली होती, आणि ह्या घरात मंगळवारपासून दूध तापलं नव्हतं.

"देवा, माझ्या जिभेला आग लागो," सरूबाई म्हणाली. मग रडायला वेळ नव्हता म्हणून रडली नाही. माळ्यावरून सूप ओढलं, मांजर त्यात ठेवलं आणि तशीच अनवाणी ओट्यावर गेली.

"जमिला, ऊठ. कोपऱ्यावर कचऱ्याच्या ढिगावर मी हे टाकून येते. मी घरात आले की तू जायचं, उचलायचं आणि माझ्या दारात येऊन म्हणायचं, टाकलेलं सापडलंय, ठेवता का."

जमिलानं तिच्याकडं नीट बघितलं. तीन दिवस न झोपलेली म्हातारी, वाटंल ते बोलंल. पण तिच्याही आजीनं तिच्या मामाला असंच कुणाच्या तरी पदरात टाकून परत घेतलं होतं. कुणाकडून काय घ्यावं ह्याबाबतीत आपल्याकडच्या आज्या लई समजूतदार. जमिलानं सुई वर केली. "जाव खाला, मैं हूँ."

ऊन तळपायाला डसत होतं. घंटागाडी दोन दिवस आली नव्हती, ढीग चांगला गुडघाभर होता. सरूबाईनं सूप ठेवलं. मोठ्यानं म्हणाली, "हे माझं नव्हं. घाण हाय, कडू हाय, टाकून चालले." आणि मागं न बघता घरी आली. मागं काहीतरी हललं, प्लास्टिक चुरचुरलं. तिनं बघितलं नाही. गोदीच्या वेळेला तिला हे ठाऊक असतं तर! तेव्हा ती स्वतःच वीस वर्षांची होती, कुणी सांगितलंच नाही.

थोड्या वेळानं दारात जमिला. ओढणीत मांजर, चेहरा उतरलेला.

"टाकलेलं सापडलंय. ठेवता का?"

"काय नाव?"

"कडू," जमिला म्हणाली. मग खालच्या आवाजात, "खाला, सुपाजवळ कोण बाई बसली होती? मी गेले तशी उठली. मला वाटलं तुमचीच कोण… तुमच्यासारखीच चाल."

सरूबाईनं ओंजळभर ज्वारी तिच्या ओढणीत घातली, मांजर घेतलं आणि चमचा तोंडाला लावला. पाणी आत गेलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. वीज आली, कूलर सुरू झाला. पोटात पाणी ठरलं होतं.

संध्याकाळी मांजरानं उकडलेल्या चिकनचं पाणी चाटलं, आणि रविवारी सकाळी स्वतःच्या पायांनी वाटीपाशी आलं. कडूबाला सुट्टी होती. आईनं उकिरड्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे आता घरात दोन कडू! डॉक्टरीणबाईची सुई लागू पडली असंल गं." पडली असेल, कोण नाही म्हणतंय. सरूबाईसुद्धा हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून ओकणारा जीव वाचला होता. कुणीतरी छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवावा तसं तिला झालं. दुपारभर ती मेल्यासारखी झोपली.

दिवेलागणीला श्रेयाचा फोन आला.

"आजी, साखर कशीये?"

"एकदम झ्याक. आजारी व्हती, आता खरं सांगते. बरी झाली. पर आता तिला कडू म्हणायचं."

"ईऽऽ! असलं घाण नाव? नाही हं आजी!" मग पोरगी थांबली. "म्हणून ती काकू म्हणत होती…"

"कोण काकू?"

"आज दुपारी आलती. मामाच्या अंगणात. सगळे झोपले होते ना, मी एकटीच खेळत होते. म्हणली, तुझ्या आजीकडं गेले होते, साखर आणायला. आजी हो म्हणली, पण मिळाली नाही."

सरूबाईनं खाटेचा कठडा धरला.

"मग?"

"मग म्हणली, तुझं नाव काय गं? तिच्या हाताला कसला तरी वास येत होता, आजी. दुधाचा."

"तू… काय सांगितलंस, बाळा?"

"मी कशाला सांगू?" श्रेया खुदकन हसली. "मम्मी म्हणते ना, अनोळखी माणसाला आपलं नाव सांगायचं नसतं. मी तुझं सांगितलं. सरूबाई."

पैठणला कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता, त्याचा आवाज फोनमधून येत राहिला.

"आजी? चुकलं का?"

"नाय गं माझी राणी," सरूबाई म्हणाली. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं ते हायसं, नेणारीला पोरीचं नाव मिळालं नव्हतं. "लई शहाणी हायस. फोन आता आईला दे… नाय, राहू दे. जेव पोटभर."

फोन ठेवून तिनं कडूबाला हाक मारली. सिरिंज कशी धरायची, जबड्याच्या कोपऱ्यातून कशी घालायची, पातळ औषध आधी आणि चमचा अर्ध्या तासानं, सगळं एकदा सांगितलं, मग त्याच्या हातानं करून घेतलं.

"मला कशाला शिकवतीस? तू हायस की," तो म्हणाला.

"असू दे. ठाऊक असलेलं बरं."

तो भाकरीला पीठ आणायला गिरणीवर गेला. सरूबाई खाटेवर बसली. दिवसभर तिला काही झालं नव्हतं, आता मात्र मांजराला यायची तशीच उबळ आली. तिनं मांजराला "ये" म्हटलं. चार दिवस तिच्या मांडीवर राहिलेलं मांजर उंबऱ्यापाशी बसलं होतं, ते आलं नाही. ते तिच्याकडं बघतही नव्हतं. तिच्या शेजारी खाटेवर जी मोकळी जागा होती, तिकडं बघत होतं. तिथली चादर हळूहळू दबली, गोदीएवढं, सव्वा वर्षाचं लेकरू बसल्यावर दबावी तेवढीच.

सरूबाईनं त्या खड्ड्याकडं बघितलं. मग ती भिंतीकडं थोडी सरकली आणि जागा करून दिली.