परातीवरचं नाव

अमळनेरहून धुळ्याला निघालेली बस खच्चून भरलेली, आणि खिडकीजवळच्या एकुलत्या एका मोकळ्या जागेवर बसलंय कोण? तर एक पखवाज! लाल खोळ घालून, थेट कीर्तनकार बुवांसारखा ऐसपैस.

"हा उचला," पुनम म्हणाली.

"अहो, देवाचं वाद्य आहे..." शेजारचा तरुण हसला.

"मग देवानं तिकीट काढलंय का?"

त्यानं निमूट पखवाज मांडीवर घेतला. पुनम टेकली आणि वही उघडून पुटपुटू लागली. तासाभरात लॉ कॉलेजात तोंडी परीक्षा होती! "कायद्याचे स्रोत... रूढी, विधिमंडळाचा कायदा, न्यायनिर्णय..."

"मी विचारू?" वही त्याच्या हातात गेलीसुद्धा. "सांगा, मी तुमची जागा अडवली. दिवाणी की फौजदारी?"

"दिवाणी."

"आणि तुम्ही डोळे वटारलेत, ते?"

"ते... स्वसंरक्षण!"

पुढच्या बाकावरची माणसं खुदकन हसली. पौषाचं गार वारं आत येत होतं, तरी पुनमचे कान मात्र तापले.

"गाव कोणतं तुमचं?"

"आसरखेडे."

ते ऐकलं आणि त्याचा चेहरा ऐन रंगात आलेल्या अभंगात वीज जावी तसा झाला. "मी योगेंद्र... निंबोण्याचा."

अरे विठ्ठला! कुठल्याशा जुन्या दुष्काळात निंबोण्यानं आसरखेड्याला भाकर पुरवली होती, तेव्हापासून ही दोन गावं एकमेकांची भाऊ. आणि भावाभावांत सोयरीक होत नाही. एका गावची लेक ती दुसऱ्या गावची बहीण!

"बरं तर, ताई," तो हळूच म्हणाला, "रूढी म्हणजे काय?"

"जी आत्ता नडली ती," पुनम बोलून गेली... आणि तिनं जीभ चावली.

योगेंद्र दर सोमवारी धुळ्यात पखवाज शिकवायला जायचा. आता पुनम चढण्याआधीच पखवाज मांडीवर असायचा आणि खिडकी रिकामी. सुरुवातीला तो मुद्दाम दहा वेळा 'ताई' म्हणायचा. पुढे पाच वेळा. माघातल्या एका सोमवारी धुळ्याच्या स्टँडवर उतरताना तो थबकला... "येतो... पुनम." बस्स, एवढंच! तिच्या कॉलेजचा पहिला तास बुडाला. स्टँडवरच्या खांबाला टेकून ती उगाचच हसत उभी होती.

चैत्रात जळगावचं स्थळ आलं. रविवारी मंडळी येणार. पुनमनं धीर करून सगळं वडिलांना सांगितलं. जीवरामआबा ताडकन उठले.

"निंबोण्याचा? अरे, भाऊ शे तो तुना!"

"लिहिलेल्या कायद्यात याला कुठेच मनाई नाही, आबा."

"तुना कायदा बुकमा. मना गावमा!"

शनिवारी निंबोण्यात सप्ताहाची सांगता होती. भाऊगाव म्हणून आसरखेड्याची माणसं काल्याच्या कीर्तनाला जाणारच. मांडवात योगेंद्रची थाप घुमत होती, 'विठ्ठल विठ्ठल' चढत होतं, पण पुनमच्या डोक्यात एकच : उद्या रविवार! बसवेना म्हणून ती मागे काल्याची भांडी घासायला गेली. एक भलीमोठी पितळी परात उन्हात धरली, तर काठावर अक्षरं चमकली :

'चि. सौ. कां. बेबाबाई हिस लग्नानिमित्त वडिलांकडून. आसरखेडे, १९७२.'

तिचं काळीज टाळासारखं वाजलं. "बेबाबाई कोण?"

"मीच ती," चुलीपाशी बसलेली म्हातारी म्हणाली. "मनं माहेर आसरखेडं, सासर हाई निंबोणं. माय-बाप सुरतले चाली गयात, मंग इचारनारं कोन राहीनं? तू कोनी पोर?"

"जीवरामआबांची."

"अगं माय! तुना आजानीच तर मांडोमा उभं राहीसन सांगं, 'ज्यास्नी भाकर दिन्ही, त्यास्ले लेक देवाले काय हरकत?'"

पुनम परात घेऊन धावली. कीर्तन नुकतंच संपलं होतं. आबांच्या पुढ्यात परात ठेवून ती धापा टाकत म्हणाली, "आबा, रूढी अखंड चालत आलेली असावी लागते. ही त्रेपन्न वर्षांपूर्वीच तुटलीय! आणि निकाल दिलाय तुमच्या वडिलांनी. वरच्या कोर्टाचा निकाल खालच्या कोर्टाला मोडता येत नाही!"

आबांनी मागून आलेल्या बेबाबाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. आबा तेव्हा चार वर्षांचे होते, त्यांना कुठलं आठवणार? त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. परातीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा... दोनदा. योगेंद्र पखवाजावर हात टेकवून बसला होता.

शेवटी आबांनी परात कपाळाला लावली.

"बेबाबहीण," ते घसा खाकरत म्हणाले, "भांडावर नाव घालनारा... धुळामा भेटस का आजून?"

आणि योगेंद्रच्या हातून पखवाजावर एक थाप पडली... कुठल्याच तालात न बसणारी!