तीन भेगा आणि एक चौकट

ये पोरी, बस त्या डब्यावर. शेतघर रिकामं का, हे तू सकाळपासून चौघांना विचारलंस आणि चौघांनी तोंड फिरवलं म्हणं. मी सांगतो. गोष्ट लांब न्हाई, पण चांगली बी न्हाई. मी गैबू मुलाणी, हितला पाइप जोडणारा. शाळा चौथीपर्यंत. मला जसं समजलं तसंच सांगणार.

मंगळावर तू परवा आलीस. आमची वस्ती एकतीस जणांची, आणि सगळ्यांचं ताजं खाणं त्या काचेच्या शेतघरातलं. अनघाताई ते सांभाळते. गेल्या वादळात दगड उडाले आणि काचेला तीन भेगा पडल्या. बाहेर श्वास घ्यायला हवा न्हाई, नुसती गोठवणारी थंडी. आतली हवा सूं सूं करून निघाली.

भेगांवर लावायच्या पट्ट्या वरच्या मालजहाजात त्याच फेरीला कापून मिळतात. पण जहाज नऊ दिवसांनी एकदा डोक्यावर येतं, आणि एका फेरीला आपण पाठवलेलं एकच चित्र घेतं. त्या चित्राची चौकट बारीक चौकोनी घरांची, आडवी एकशेवीस घरं, उभी ऐंशी घरं. प्रत्येक पट्टीची खरी उंची आपण लिहून द्यायची. रुंदी तिथलं यंत्र चित्र बघून ठरवतं.

अनघाताईची भैरवी, अकरा वर्षांची, तिनं भेगांचे तीन आलेख काढले (म्हंजे चौकोनी रेघांवर मापात काढलेली चित्रं). मग आपल्या यंत्रमाणसासाठी, ढब्यासाठी, आज्ञावली लिहिली (यंत्राला ओळीनं सांगितलेली कामं) की हे तिन्ही एका चौकटीत मांड. मांडले तर मधी निम्मी जागा मोकळी.

आता आमची खोड ऐक. आम्ही हितं आलो ते बुटात मोजे आणि मोज्यात चमचे भरून. मोकळी जागा दिसली की आमच्या पोटात दुखतं.

मी म्हणलो, "आगं, केवढी जागा वाया घालवतीस! ओढ की जरा. तिघांना सारखे खण कर."

"चाचा, तसं ओढायचं नसतं."

"तुला काय कळतंय! चपाती न्हाई लाटत आपण ताटाएवढी?"

ढब्या म्हणाला, "ओढतो. आज्ञा आहे का?"

"हाय, हाय!" मीच म्हणलो. मीच.

चौकट गच्च भरली. सगळे म्हणाले, काय सुबक! पट्ट्या आल्या. पहिली भेग आडवी लांब, आणि तिची पट्टी आली उभी, रुंदीला सहावा हिस्सा. दुसरीची निम्मीच. तिसरी मात्र चपखल बसली.

"तिसरीच कशी बसली?" अनघाताईनं विचारलं.

भैरवी रडत व्हती, पण बोटानं जमिनीवर खण काढत व्हती. मग म्हणाली, "आई, खण चाळीस रुंद, ऐंशी उंच. म्हणजे रुंदी उंचीच्या निम्मी. तिसरा आलेख मुळातच तसा होता. त्याला ओढावंच लागलं नाही."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. आलेखात आडवी एक वीत आणि उभी एक वीत सारखीच दिसाया पाहिजे. ओढलं की चौकोन चपटा होतो, आणि भेग खोटी होते.

"मग न ओढता सगळे एका ओळीत, सारख्या उंचीचे कसे बसवायचे?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. ढब्याला सांगितलं, "प्रत्येकाचं गुणोत्तर घे (उंचीच्या किती पट रुंदी). आता दोनच उरलेत. लांबटाचं तीन, चौकोनी आलेखाचं एक. बेरीज चार. चौकटीची रुंदी एकशेवीस भागिले चार, तीस. ही दोघांची उंची. मग एकाची रुंदी नव्वद, दुसऱ्याची तीस. नव्वद आणि तीस, एकशेवीस. उंची चौकटीत मावते का बघ. मावली नाही तर दोघांना सारखंच लहान कर."

"मावते. खाली पन्नास घरं मोकळी राहतात," ढब्या म्हणाला. "भरू का?"

"हात लाव, स्क्रू ढिले करतो तुझे," मी म्हणलो. कुणी हसलं न्हाई.

पण जहाजाची पुढची फेरी यायला नऊ दिवस व्हते. तिसऱ्या दिवशी मेथी गेली. पाचव्या दिवशी टोमॅटो काळा पडला. अनघाताई बाहेर वापरायचा हवेचा जाड पोशाख घालून आत जायची, आपलं पांघरूण वाफ्यावर टाकायची, आणि निळी पडून बाहेर यायची. शेवटी आम्ही तिला दारातच धरून ठेवली.

नवव्या दिवशी चित्र गेलं. पट्ट्या आल्या त्या कातडीगत बसल्या. सूं सूं थांबली. आत एक पान जितं नव्हतं. आता सहा महिने डब्यातलं खायचं, आणि ते बी अर्धं पोट.

हवा मात्र आता धरतीया. अनघाताईनं काल माती भिजवली. भैरवी नव्या वाफ्यांचे नकाशे काढतीया, प्रत्येक वाफ्याचा आकार वेगळा, सगळे एका चौकटीत मांडणार. मापं घ्यायला टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरायला लागतं. ढब्याच्या चिमट्यातनं टेप सटकतो, आणि मला ती बोलवत न्हाई.

तू जाशील का गं?