चार रेघांचा लांडगा

जानेवारीचं धुकं होतं, म्हणून तलवार आधी दिसली आणि सायकल नंतर. मूठ हँडलला सुतळीनं बांधलेली, पातं पिठाच्या पोत्यात गुंडाळलेलं, टोक कॅरियरबाहेर.

"थांबा," मी म्हटलं. "उतरा."

तो उतरला. भुवयांवर पीठ होतं. "पोलीस?"

"संग्रहालय."

"मग त्याहून वाईट."

स्वित्झर्लंडमधल्या आमच्या कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या, संग्रहालयासाठी त्या वर्षी मी गावोगावच्या जुन्या दोन हाती तलवारींची नोंद करत होते. राइफेनाउ गावच्या बेकरी मंडळाची तलवार हीच. ती घेऊन येणारा हा वेंडेलिन इमग्रुट, मंडळाचा बेकर. दर कार्निव्हलला मिरवणुकीत पुढे चालत तलवार धरायचा मान त्याचा.

"तुमच्यासाठीच घासून आणलीय," तो म्हणाला. "आरसा झालाय."

"कशानं घासली?"

"विटेच्या भुकटीनं. दर वर्षी घासतो. माझ्याआधी आई धरायची, तीही तशीच घासायची."

मी डोळे मिटले.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

"चालत राहा."

मंडळाशी करार साधा होता. खरी जुनी निघाली, तर तलवार आमच्याकडे काचेत. नक्कल निघाली, तर गावात, आणि खुशाल मिरवा. गावाला काळजी नव्हती. जुन्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं: १८९१ च्या उत्सवासाठी केलेली नक्कल.

एवढी लांब तलवार एकट्यानं मोजता येत नाही. मंडळाच्या खोलीत टेपचं दुसरं टोक वेंडेलिननं धरलं. एक मीटर त्रेचाळीस. मग लांब कागदावर पात्याची कड पेन्सिलनं उतरवली. कागद हलू नये म्हणून तो गुडघ्यावर बसला. माझी पेन्सिल त्याच्या बोटांपाशी आली...

"बोटं काढा," मी म्हटलं.

"तुम्ही वळसा घालून जा ना."

"मग नोंदीत तलवारीला पाच फुगवटे येतील."

"येऊ देत. कुणीतरी इथं होतं, एवढं तरी कळेल."

मी वळसा घातला नाही. पण थांबले—गरजेपेक्षा थोडं जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुक्या नासपतीचा पाव आणला. तलवारीचं वजन भरलं दोन किलो चारशे. नकलेच्या मानानं हलकी. परज, म्हणजे मुठीपुढची आडवी दांडी, मात्र नवीच होती, यंत्रावर कापलेली. मूठही नवी. पातं इतकं घासलेलं, की त्यावर काहीच उरलं नव्हतं. तिसऱ्या दुपारी मी फॉर्म पुढे ओढला.

"काय लिहिताय?"

"नक्कल."

तो हसला नाही. खिडकीपाशी गेला, परत आला.

"म्हणजे... ती इथंच राहणार."

"हो. अभिनंदन."

"फ्लुरिना मॅडम..." त्यानं हात पँटला पुसले. "एका जागी कापड अडकतं."

"कुठे?"

"परजेच्या खाली, वीतभर. आईच्या वेळीही अडकायचं. ती म्हणायची, जरा जोरात घास, जाईल."

पेन खाली ठेवून मी विजेरी आडवी धरली. त्यानं न बघता नुसत्या बोटानं चाचपून जागा दाखवली. तिथे लोखंडात चार बारीक रेघा होत्या. एकीत भरलेलं पितळ मोहरीएवढं अजून टिकून होतं.

"लांडगा," मी म्हटलं. "जर्मनीतल्या पासाऊच्या तलवार कारागिरांची खूण."

त्यानं वाकून पाहिलं. त्याचे केस माझ्या गालाला लागले. "हा लांडगा? ही तर शेळी आहे. तीही आजारी."

"अशीच काढायचे. पण ही खूण इतरांनीही उचलली, नुसत्या तिच्यावर भागत नाही."

मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून परवानगी घेतली आणि मूठ उतरवली. आत पात्याचा भाग काळा, जुना, हातोड्याच्या घावांचा होता. नव्या मुठीत बसावा म्हणून कडेनं कापलेला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं पातं. नक्कल होती ती फक्त मूठ आणि परज.

"गप्प बसला असतात तर मला कळलं नसतं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मंडळात काय सांगाल?"

"जे झालं ते. दोन वर्षं माझा पाव कुणी घेणार नाही." तो खुर्चीवर बसला. हात मांडीवर रिकामे पडले होते. "पण तुम्ही तीन दिवस एकेक मिलिमीटर मोजत होतात. तुमच्या कागदावर माझ्यामुळे खोटं जावं... ते नको वाटलं."

मी फॉर्म पूर्ण केला. 'खूण कोणी दाखवली' या रकान्यात त्याचं पूर्ण नाव लिहिलं.

"फोन नंबर?"

"तोही लागतो?"

"फॉर्मला नाही लागत."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं नंबर सांगितला—सावकाश, दोनदा.

"तलवारीला भेटायला येईन म्हणतो. पण बेकरीला सुट्टी फक्त सोमवारी."

"सोमवारी संग्रहालय बंद असतं."

"म्हणजे तलवार दिसायची नाही."

"नाही दिसायची."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मला सुट्टी, तुम्हाला सुट्टी..."

"साडेदहाची गाडी पकड," मी म्हटलं. "मी स्टेशनवर असेन."