कोवळ्या उन्हातली मालिश

चंद्रपुरात सूर्य मावळला की भोंगा वाजतो आणि शहर जागं होतं. माणसं डोळे चोळत गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर येतात आणि घाम निघेपर्यंत धावतात, उठाबशा काढतात. ही सांजकवायत. मग दात घासणं, चहा, शाळा, कचेऱ्या. दुपारी घराबाहेर पडणं जिवावर बेतू लागलं, तेव्हा अख्ख्या शहरानंच दिवस झोपेत काढायचं ठरवलं. कोळसाखाणींचं गाव ते. या जगण्याला नावही लोकांनी खाणीतल्या दिवसपाळी-रातपाळीच्या चालीवर दिलं, उलटपाळी.

आता, ठराव केला म्हणून शरीर थोडंच ऐकतं? मेंदूतलं मोठं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. पण स्नायूंमध्येही बारीक बारीक घड्याळं असतात, आणि ती अंगमेहनतीच्या वेळेवर लागतात. रोज ठरल्या वेळी घाम गाळला की स्नायूंना वाटतं, आपली सकाळ झाली. हळूहळू ते मेंदूलाही पटवतात. दिवसा जाड पडदे आणि सांजेला कवायत, एवढ्यावर शहर उलटं फिरलं होतं.

फिरले नव्हते ते एकटे लटारी पिंपळकर. त्यांचा जन्म खाणीत गेला. अंधारात उतरायचं, अंधारातच वर यायचं. निवृत्त झाल्यावर रोज डोळे भरून सूर्य पाहायचा, एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती. आणि ते निवृत्त झाले तेव्हाच गावानं सूर्याकडे पाठ फिरवली! म्हातारा हट्टाला पेटला. सगळे घोरत असताना ते उजाडताच जोरबैठका काढत, दिवसभर घरात जागे राहत आणि दिवेलागणीला आडवे होत. मुलगी सानवी त्यांच्याच घरात राहायची, पण बापलेकीची गाठ पडायची ती एकीची झोप संपताना आणि दुसऱ्याची सुरू होताना.

सानवीला मुलगी झाली तेव्हा मात्र या हट्टाची सोयच झाली. दिवसा बाळ उठलं की आजोबा जागेच असायचे. सानवी निर्धास्त झोपायची. पण बाळ दिवसभर खेळे आणि रात्रभर निजे. शेवटी एका संध्याकाळी सानवी बाळाला आणि जांभया देणाऱ्या बापाला घेऊन डॉ. उरकुडेंकडे गेली. या बाई शरीरातल्या घड्याळांच्याच तज्ज्ञ होत्या.

"चार महिने झाले, मॅडम. माझ्या पोरीनं मला अजून जागेपणी धड पाहिलं नाही," सानवी म्हणाली.

"जन्मतः बाळाचं घड्याळ लागलेलं नसतं. ते याच महिन्यांत लागतं, आणि हिचं दिवसाचं लागतंय. दिवसा हिला व्यायाम कोण देतं?"

"व्यायाम? एवढ्याशा लेकराले?" लटारी हसले. "मी तं फक्त मालिश करतो, म्याडम. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात, तिळाच्या तेलानं. हात छातीवर आडवे घ्याचे, पाय पोटाशी न्याचे, मंग ताणाचे. माही माय असंच करे."

"काकाजी, बाळाची कवायत ती हीच. वर उजेडही. तुम्ही रोज सकाळी तिची घड्याळं लावताय."

"मंग काय बिघडलं? राहू द्या तिले दिवसाची. आमी दोघं राहू जागे."

"तुम्ही आहात तोवर," उरकुडे हळूच म्हणाल्या. "पुढे? तिची शाळा रात्री, मैत्रिणी रात्री. या वयात पक्कं झालेलं घड्याळ जन्मभर ओढ घेतं. सगळं गाव झोपलेलं असेल आणि ही पोर एकटी जागी असेल."

लटारींनी सानवीच्या मांडीवर झोपलेल्या नातीकडे पाहिलं. ते एकटेपण काय असतं, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? हौसेपायी त्यांनी ते सोसलं होतं. पोरीनं काय म्हणून सोसावं?

"सांजच्याला करतो मालिश."

"तेव्हा तर तुमचेच डोळे मिटतात, बाबा."

"मंग मलेबी कवायत करा लागन."

"आणि तुमचा सूर्य?"

"पाह्यला न भरपूर. पोट भरलं माहं," लटारी म्हणाले. ते खोटं होतं.

भोंग्याबरोबर लटारी धावू लागले. "लटारीभाऊ, पाळी बदलली का?" म्हणून शेजारी चिडवत. घरी येऊन ते दिव्याखाली बाळाला पायांवर घेत. सुरुवातीला पेंगत पेंगतच हात चालायचे. सानवी तेलाची वाटी धरून त्यांना बोलतं ठेवायची. इतक्या गप्पा त्या दोघांनी वर्षानुवर्षांत मारल्या नव्हत्या. आणि एका रात्री बाळ टक्क जागं राहिलं, सानवीच्या तोंडाकडे पाहून खळखळून हसलं. सानवी मात्र रडायला लागली.

हिवाळा सरत आला होता. एका पहाटे सगळे झोपायच्या तयारीत असताना लटारींना राहवलं नाही. नातीला कडेवर घेऊन ते खिडकीपाशी थांबले आणि उजाडल्यावर त्यांनी पडदा जरासा सारला. याच उन्हात ती पाय झाडायची, मुठीत ऊन पकडायला बघायची.

"पाह्य बाई, कोण आलं!"

तिच्या तोंडावर ऊन पडलं. तिनं डोळे बारीक केले, जांभई दिली आणि आजोबांच्या खांद्यावर मान टाकली.

लटारी तसेच उभे राहिले. समोर नदीपलीकडून त्यांचा सूर्य वर येत होता, तांबडा, अख्खा. त्यांना तो खूप वेळ पाहायचा होता.

मग त्यांनाही जांभई आली. त्यांनी पडदा ओढून घेतला.