मैनेनं लावलेलं दार

"दार पुन्हा लागलं! आपोआप!" तुडतुड्या धापा टाकत मामाच्या दुकानात शिरला. "बरोबर चार वाजता. सलग तिसरा दिवस!"

त्याच्या ताईनं, ढापणीनं, चष्मा सावरत वहीत वेळ टिपली. सुट्टीला मामाकडे आल्यापासून या दोघांनी त्याच्या आईस्क्रीमच्या शीतगोदामावर पाळत ठेवली होती. त्याचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असायचं, पण ते लावणं-उघडणं मैनेच्या ताब्यात होतं. मैना म्हणजे भिंतीवरचा बोलका डबा, आणि ती फक्त मामाचं ऐकायची!

"बटणांचे दिवस संपले! उद्या कॉम्प्युटर, फोन, सगळं नुसतं बोलून चालणार!" असं म्हणत मामानं दाराची आतली मूठसुद्धा काढून टाकली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेलेल्या आजोबांनी पाटीवर लिहिलं होतं, 'मग मी काय करू?' मामा नुसताच हसला होता.

"आजोबा कुठे आहेत रे?" ढापणीनं विचारलं.

तुडतुड्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आपल्यासाठी चॉकलेटचा डबा आणायला... गोदामात!"

दोघं धावले. पोलादी दारामागून काठीचा आवाज येत होता. ठक, ठक, ठक!

"मैने, दार उघड!"

"माफ करा, हा आवाज माझ्या ओळखीचा नाही," मैना गोड सुरात म्हणाली.

मामा बाहेर गेलेला, फोन बंद. आत उणे वीस! काठीची ठकठक मंदावली. मग थांबलीच.

"ताई, आजोबा मरतील!" तुडतुड्या रडायला लागला.

"परवा वीज गेली, तेव्हा हे दार सैल झालं होतं! मेन स्विच!"

"त्याला हात लावायचा नाही म्हणालाय मामा! सगळं आईस्क्रीम वितळेल!"

"वितळू दे!"

दोघं त्या घट्ट दांड्याला अक्षरशः लोंबकळले. खटाक! अंधार झाला, आणि दार इंचभर सरकलं.

आजोबा दाराशीच बसले होते. भुवया पांढऱ्या, ओठ निळे. पण डोळे उघडे! ढापणीनं त्यांना चादरीत गुंडाळलं आणि मग तीही हमसून हमसून रडली.

डॉक्टरीणबाई तपासून गेल्या, तेवढ्यात मामा आला. "मेन स्विच कुणी पाडला?"

ढापणीनं वहीतली चार वाजताची नोंद त्याच्यापुढे धरली. तिनं वीज चालू केली आणि दुकानातल्या टीव्हीवर तीन दिवसांपासून रोज चार वाजता लागणारी मामाची जाहिरात लावली. पडद्यावरचा मामा ऐटीत म्हणाला, "मैने, दार बंद कर! बघितलंत? नुसतं बोलायचं!"

धाडकन गोदामाचं दार लागलं. मामा मटकन खुर्चीत बसला.

"माझ्याच आवाजानं..." त्यानं दोघांना जवळ ओढलं. "पोरांनो, आज तुम्ही नसता तर..." मग तो उठला आणि पाना घेऊन आधी दाराची मूठ बसवायला गेला.

आजोबांनी पाटी ओढली. 'त्या डब्याला माझं काही ऐकू आलं नाही,' त्यांनी लिहिलं. 'माझ्या नातवंडांना काठी ऐकू आली.'